गाडीचं ॲव्हरेज वाढलं की हरितगृह वायू किती घटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन पेट्रोल गाड्या आहेत. एक मोठी, लिटरला ८ किलोमीटर देणारी. दुसरी छोटी, २० देणारी. दोन्ही वर्षाला साधारण दहा-दहा हजार किलोमीटर चालतात. यातली एकच बदलणं शक्य आहे. मग छोटीच्या जागी ३० देणारी हायब्रिड घ्यावी, की मोठीच्या जागी ११ देणारी? आणि दोन्ही गाड्या धुराच्या तपासणीत दरवेळी बिनबोभाट पास होत असतील, तर ॲव्हरेजचा आणि हवामानाचा संबंध येतोच कुठे?

मी वीसहून जास्त वर्षं या कामात आहे. आधी उत्सर्जन चाचणीच्या प्रयोगशाळेत होतो, नंतर मालवाहतुकीच्या ताफ्यांचा इंधनाचा हिशेब लावून देऊ लागलो. सुरुवात प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून करतो, कारण तिथला गैरसमज निघाल्याशिवाय आधीच्या भागाचं उत्तर पटणार नाही.

एखाद्या गाडीचं अधिकृत ॲव्हरेज कसं काढतात, ते आधी सांगतो. गाडी रात्रभर ठरावीक तापमानात उभी ठेवतात. सकाळी ती ढकलत आणून रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी जखडतात आणि समोर मोठा पंखा लावतात. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते. कधी थांबायचं, कधी ५० वर जायचं, सगळं तिच्यात ठरलेलं. त्या रेघेला धरून त्याला गाडी चालवायची असते. एक्झॉस्टला जाड नळी जोडलेली असते. त्यातून येणारा वायू मोजून घेतलेल्या हवेत मिसळतो आणि त्या मिश्रणाचा ठरावीक अंश मोठ्या पिशव्यांमध्ये भरत जातो. चाचणी संपली की त्या पिशव्यांमधली हवा विश्लेषक यंत्रातून जाते.

या सगळ्यात इंधनाच्या टाकीला सहसा कोणी हातही लावत नाही. पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनमध्ये मिळून किती कार्बन आहे ते मोजतात. मिसळलेल्या हवेतला आधीचा थोडासा कार्बन वजा केला की उरलेला जवळजवळ सगळा इंधनातूनच आलेला असतो, म्हणून तेवढा कार्बन यायला किती इंधन जळलं असेल ते उलट्या गणिताने काढतात. याला कार्बन संतुलनाची पद्धत म्हणतात. म्हणजे माहितीपत्रकावर छापलेला ॲव्हरेजचा आकडा हा मुळात एक्झॉस्टमधल्या कार्बनचाच आकडा असतो, फक्त वेगळ्या रूपात मांडलेला. ॲव्हरेज आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं की मला त्या पिशव्या आठवतात. आम्ही एकच गोष्ट मोजत होतो आणि तिला दोन नावं देत होतो.

आता आकडा. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम भरतं. त्यात ८६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, म्हणजे सुमारे ६३५ ग्रॅम. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतून ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. कार्बनचा अणुभार १२, दोन ऑक्सिजनचा मिळून ३२, म्हणून १२ ग्रॅम कार्बनमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने एका लिटरमागे साधारण २.३ किलो वायू निघतो. पाऊण किलो इंधनातून त्याच्या तिप्पट वजनाचा वायू कसा निघेल, असं प्रशिक्षणात मला हमखास विचारतात. उत्तर एवढंच, की त्या वायूच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग ऑक्सिजनचा असतो आणि तो टाकीतून नाही, हवेतून आलेला असतो. नेहमीच्या तापमानाला या २.३ किलो वायूचं आकारमान सुमारे १,२०० लिटर भरतं. पाण्याच्या एका बाटलीएवढं इंधन आणि त्यातून सहा मोठी पिंपं भरतील एवढा वायू, तोही रंग नसलेला आणि वास नसलेला.

धुराची तपासणी वेगळीच गोष्ट बघते. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, डिझेलमध्ये काजळी, आणि जिथे सोय असेल तिथे नायट्रोजनची ऑक्साइडं. हे सगळं माणसाच्या फुप्फुसाला आणि शहराच्या हवेला घातक आहे, म्हणून ती तपासणी हवीच. पण या विषारी वायूंचं रूपांतर करायला एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, आणि तो कार्बन मोनॉक्साइडचं करतो काय, तर कार्बन डायऑक्साइड. स्वच्छ जळण्याची व्याख्याच ती आहे: सगळा कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व्हावा. म्हणून लिटरला ८ देणारी, उत्तम निगा राखलेली गाडी धुराच्या तपासणीत अव्वल येईल आणि तरीही किलोमीटरमागे जवळपास २९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडेल. तपासणीच्या त्या कागदावर हा आकडा पास-नापास ठरवत नाही.

मग कार्बन डायऑक्साइडसाठीही एखादी जाळी, एखादा फिल्टर का बसवत नाहीत? वजन बघा. ४० लिटरची टाकी संपेपर्यंत ९० किलोहून जास्त वायू तयार होतो. तो पकडायचा, दाबून भरायचा आणि गाडीतच वाहून न्यायचा, तर एक मोठा माणूस कायम मागे बसवल्यासारखं होईल, शिवाय दाबण्यासाठी लागणारी ऊर्जा वेगळीच. मोटारीत हे व्यवहार्य नाही. इंधनावर चालणाऱ्या गाडीचा कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर कमी इंधन जाळणं हाच रस्ता उरतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे दुसरे हरितगृह वायूही एक्झॉस्टमधून येतात, पण सुस्थितीतल्या पेट्रोल गाडीच्या एकूण हिशेबात त्यांचा वाटा फार थोडा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप आपल्या बोलण्यात इतकं रुळलंय, की ते उलटं आहे हे लक्षात येत नाही. हवेत जाणारा कार्बन लिटरवर ठरतो. आणि लिटर काढायला किलोमीटरला ॲव्हरेजने भागावं लागतं. भागाकार आला की सरळ रेषेचा अंदाज चुकतो.

तुमच्याच गाड्या घेऊ. मोठी गाडी १०,००० किलोमीटरला ८ ने भागली तर १,२५० लिटर पिते. ११ देणारी आली तर ९०९ लिटर. बचत ३४१ लिटर, म्हणजे सुमारे ७८५ किलो कार्बन डायऑक्साइड. छोटी गाडी २० ने भागली तर ५०० लिटर, ३० देणारी हायब्रिड आली तर ३३३. बचत १६७ लिटर, म्हणजे सुमारे ३८५ किलो. एकीकडे ॲव्हरेज ३ ने वाढलं, दुसरीकडे १० ने. तरी ३ ने वाढलेल्याची बचत दुपटीहून जास्त आहे. याच चालीने पुढे गेलात तर दिसेल, की ८ वरून १० वर जाणं आणि २० वरून थेट ४० वर जाणं यात वाचणारं इंधन अगदी सारखं आहे: शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर.

अमेरिकेत रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच भ्रम दाखवून दिला. गॅलनमागे किती मैल हा आकडा समोर ठेवला की लोक बचतीचा अंदाज चुकवतात, आणि तीच माहिती ठरावीक अंतरामागे किती गॅलन अशी दिली की बरोबर निवड करतात. युरोपात १०० किलोमीटरमागे किती लिटर असंच सांगायची पद्धत आहे. मला ती मनापासून पटते. साडेबारा लिटर, नऊ लिटर, पाच लिटर, तीन पूर्णांक तीन लिटर असे आकडे एका ओळीत लिहिले की कुठे मोठी उडी आहे ते लहान मूलही सांगेल.

सरासरी काढतानाही हीच चूक होते. तुमच्या दोन गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज ८ आणि २० च्या मधलं १४ नाही. दोन्ही मिळून २०,००० किलोमीटरला १,७५० लिटर लागतात, म्हणजे खरी सरासरी ११.४.

एका ताफ्याचा अनुभव सांगतो. त्यांच्याकडे अवजड ट्रक होते आणि सामान घरपोच करणाऱ्या छोट्या व्हॅन होत्या. एका वर्षी त्यांनी जुन्या व्हॅन काढून नव्या घेतल्या आणि ॲव्हरेज १४ वरून १८ वर नेलं. मोठं कौतुक झालं, अहवालात रंगीत आलेख लागला. त्याच वर्षी ट्रकच्या बाजूचा मुख्य फिटर टायरमधल्या हवेच्या आणि चाकांच्या अलाइनमेंटच्या मागे हात धुऊन लागला होता. माल चढवताना इंजिन बंद ठेवायचं हे त्याने चालकांच्या अंगवळणी पाडलं आणि कमाल वेगाची मर्यादा थोडी खाली आणून घेतली. ट्रकचं ॲव्हरेज ४ वरून ४.४ झालं. दशांश चिन्हानंतरचा तो चार कोणाच्या नजरेत भरला नाही. मी वही घेऊन बसलो. एक व्हॅन वर्षाला २०,००० किलोमीटर चालायची. तिने ३१७ लिटर डिझेल वाचवलं. एक ट्रक ८०,००० चालायचा. त्याने १,८०० लिटरहून जास्त वाचवलं, म्हणजे जवळपास पावणेपाच टन कार्बन डायऑक्साइड, एका ट्रकमागे. त्या फिटरला मी वहीचं पान दाखवलं तेव्हा तो बराच वेळ नुसता बघत राहिला. त्या दिवसापासून मी कोणत्याही ताफ्याचा अहवाल ॲव्हरेजमध्ये लिहीत नाही, लिटरमध्येच लिहितो.

वर मी डिझेलसाठी वेगळा गुणक वापरलाय, त्याचं कारण सांगायला हवं. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं. एका लिटरमध्ये कार्बन जास्त असतो आणि जळल्यावर साधारण २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून पेट्रोलचं ॲव्हरेज आणि डिझेलचं ॲव्हरेज शेजारी ठेवून तुलना करू नका. १८ देणारी पेट्रोल गाडी किलोमीटरमागे सुमारे १२८ ग्रॅम सोडते आणि २० देणारी डिझेल सुमारे १३२. ॲव्हरेज डिझेलचं जास्त, कार्बनही डिझेलचाच थोडा जास्त. सूत्र सोपं आहे: पेट्रोल असेल तर २,३०० ला आणि डिझेल असेल तर २,६५० ला ॲव्हरेजने भागा, किलोमीटरमागचे ग्रॅम मिळतात. युरोपीय संघाने २०२० पासून नव्या मोटारींच्या सरासरीसाठी किलोमीटरला ९५ ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं होतं. या सूत्राने बघितलं तर ते पेट्रोलला साधारण २४ आणि डिझेलला २८ किलोमीटर प्रतिलिटर एवढं भरतं. अमेरिकेने १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये ॲव्हरेजची सक्ती करणारा कायदा केला तेव्हा हेतू तेल वाचवण्याचा होता, हवामानाचा विषय त्यात नव्हता. पण लिटर वाचले की कार्बन आपोआप वाचतो, म्हणून तोच कायदा पुढे हवामानाच्याही कामी आला.

सीएनजी किलोत मोजतात आणि किलोमागे साधारण पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढ्याच ऊर्जेमागे पेट्रोलपेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी, कारण सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्यात कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त असतो. पण मिथेन न जळता सुटला तर तो स्वतः शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ ते ३० पट तापवतो. त्यामुळे सीएनजीच्या गाडीत जोडण्यांची गळती ही फक्त सुरक्षेची बाब समजू नका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल बरेच जण घाबरून विचारतात, की ॲव्हरेज पडलं, म्हणजे प्रदूषण वाढलं का? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून दहा टक्के मिश्रणात ॲव्हरेज तीनेक टक्के आणि वीस टक्क्यांत सहा-सात टक्के उतरणं अपेक्षितच आहे. मात्र त्या लिटरमधला इथेनॉलचा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. तिथे खरा हिशेब एक्झॉस्टवर संपत नाही; तो शेतावर, खतावर, पाण्यावर आणि इथेनॉलच्या कारखान्यात कोणतं इंधन जाळलं यावर जातो.

एक्झॉस्टच्या आधीचाही कार्बन असतोच. तेल उपसणं, जहाजातून आणणं, शुद्धीकरण, टँकरने पंपापर्यंत पोचवणं, यातून एक्झॉस्टवरच्या आकड्यावर साधारण वीस टक्के किंवा त्याहून थोडी जास्त भर पडते. ॲव्हरेज सुधारलं की ही भरही त्याच प्रमाणात घटते, कारण लिटरच कमी लागतात.

आता थोडं इंजिनात डोकावू. टाकीतल्या इंधनाची शंभर टक्के ऊर्जा धरली तर साध्या पेट्रोल गाडीत चाकांपर्यंत त्यातली साधारण १२ ते ३० टक्केच पोचते. बाकीची बहुतेक रेडिएटर आणि एक्झॉस्टमधून उष्णता होऊन जाते. चाकांपर्यंत पोचलेली ऊर्जा तिघं वाटून घेतात: हवेचा अडथळा, टायरचं घर्षण आणि ब्रेक. ब्रेक दाबला की गाडीला दिलेला वेग उष्णता होऊन संपतो. हायब्रिड गाडी त्यातला काही भाग बॅटरीत परत घेते, म्हणून ती गर्दीच्या रस्त्यावर चमकते आणि मोकळ्या हमरस्त्यावर तिचा फायदा कमी होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या जागी १०० ने गेलात तर हवेशी झगडायला किलोमीटरमागे दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते, १२० ला सव्वादोनपट. छतावर सामानाची पेटी बांधून भरधाव गेलात तर ॲव्हरेज दहा ते पंचवीस टक्क्यांनी पडू शकतं. पेटी रिकामी असली तरी हवा तिला अडतेच, म्हणून काम झालं की ती उतरवा.

दांडगाईने गाडी चालवणं, म्हणजे जोरात रेस, जोरात ब्रेक, हे गर्दीत दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत इंधन खाऊ शकतं. उभ्या गाडीचं चालू इंजिन तासाला एक ते दोन लिटर पितं. अवजड ट्रकचं तीनेक लिटर. टायरमध्ये हवा कमी असेल तर नुकसान थोडं पण रोजचं असतं. आणि एअर फिल्टरबद्दल जुना सल्ला आजही फिरत असतो, की तो बदलला की ॲव्हरेज वाढतं. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक येणारी हवा मोजून तेवढंच इंधन सोडतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडी सुस्त होते, ॲव्हरेज फारसं हलत नाही. उलट ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल तर मात्र ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत घसरू शकतं. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा महिनोन्महिने पेटत ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, की तो आधी तपासून घ्या.

छोट्या, थंड फेऱ्यांबद्दलही एक शब्द. इंजिन गार असतं तेव्हा तेल घट्ट, घर्षण जास्त, मिश्रणात हवेच्या मानाने इंधन जास्त. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. दिवसभरात अशा चार फेऱ्या करण्यापेक्षा चारही कामं एका फेरीत उरकली तर अंतर तर वाचतंच, उरलेल्या किलोमीटरचं ॲव्हरेजही सुधारतं.

ॲव्हरेजच्या आकड्यात अजिबात न दिसणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे माझ्या मते फार कमी लक्ष जातं: एसीचा गॅस. अनेक वर्षं मोटारींमध्ये आर-१३४ए हा गॅस भरला जात होता आणि रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांमध्ये तो आजही आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापवणारा मानला जातो. एका मोटारीत साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो सगळा हवेत गेला तर परिणाम ७०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजे ३०० लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्यासारखा. आपण वर्षभर जपून गाडी चालवून जेवढं कमावतो, ते एका दुपारी पाइपच्या फटीतून निघून जाऊ शकतं. एसी गार करत नाही म्हणून दरवर्षी नुसता गॅस भरून घेऊ नका. गळती कुठे आहे ते आधी शोधायला लावा, आणि उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घेणाऱ्याकडेच काम द्या. युरोपीय संघाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींमध्ये १५० पटीहून जास्त तापवणाऱ्या गॅसवर बंदी घातली, आणि २०१६ च्या किगाली कराराने या जातीच्या सगळ्याच वायूंना टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आहे.

रोलरवरचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतलं अंतर हा आमच्या धंद्याचा जुना दुखरा भाग आहे. युरोपातली जुनी चाचणी इतकी सौम्य होती की गाड्या कागदावर सुधारत गेल्या आणि रस्त्यावर तेवढ्या सुधारल्या नाहीत. २०१७ पासून तिथे डब्ल्यूएलटीपी ही कडक चाचणी आली. आता नव्या गाड्यांमध्ये खरं इंधन मोजणारी नोंद असते. तिच्या आधाराने युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलं, की पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा साधारण २० टक्क्यांनी जास्त आहे आणि प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे बाहेरून वीज घेऊन चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडचं, तर सरासरी साडेतीन पट, कारण लोक त्या अपेक्षेएवढ्या चार्जच करत नाहीत. म्हणून तुमच्या निर्णयात माहितीपत्रकावरचा आकडा वापरू नका, स्वतः मोजा. टाकी पूर्ण भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरा आणि किती लिटर बसलं ते लिहा. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नका. पाच-सहा वेळा भरून एकूण लिटर आणि एकूण किलोमीटर घ्या. ८ आणि २० हे तुमचे आकडे असे मोजलेले असतील तर उत्तम.

इंजिनं सुधारूनही एकूण उत्सर्जन हवं तेवढं का घटलं नाही, याचं एक कारण वजन आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये जगात विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास निम्म्या एसयूव्ही होत्या, आणि एसयूव्ही मध्यम आकाराच्या मोटारीपेक्षा २०० ते ३०० किलोंनी जड असते. इंजिनात कमावलेलं पत्र्यात गमावलं. दुसरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. किलोमीटरमागचा खर्च उतरला की आपण जास्त फिरतो. इंग्लंडमध्ये अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या बाबतीत हे मांडलं होतं. मोटारींच्या बाबतीत अनेक अभ्यासांत अपेक्षित बचतीतली साधारण दहा ते वीस टक्के अशी परत खर्च झालेली दिसते. म्हणजे बहुतांश बचत टिकते. ‘ॲव्हरेज वाढवून काही उपयोग नाही’ असं त्यावरून म्हणणं मला चुकीचं वाटतं.

विजेच्या गाडीलाही हेच गणित लागू पडतं, फक्त लिटरच्या जागी युनिट येतात. १०० किलोमीटरला १६ युनिट लागत असतील आणि वीज बहुतांशी कोळशाची, समजा युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी असेल, तर किलोमीटरला ११२ ग्रॅम पडतात. वीज १०० ग्रॅमची असेल तर फक्त १६. जड, वेगवान विजेची गाडी १६ च्या जागी २४ युनिट घेत असेल तर तिचंही उत्सर्जन दीडपट.

आता तुमचा निर्णय. नुसत्या इंधनावर बघायचं तर मोठी गाडी बदला, यात शंका नाही. पण नवी गाडी बनवतानाही कार्बन जातो. आकारानुसार तो कमी-जास्त होतो, तरी मोठ्या गाडीसाठी सहाएक टन धरायला हरकत नाही. वर्षाला ७८५ किलो वाचणार असतील तर ते फिटायला साडेसात वर्षं लागतील. तुम्ही काढलेली जुनी गाडी दुसऱ्याच्या दारात जाऊन तेवढीच चालणार असेल तर हिशेब आणखी पातळ होतो. ती चालण्यासारखी उरलेलीच नसेल आणि बदलणं भागच असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ११ वर थांबू नका. तुमची गरज भागवणारी १४-१५ देणारी मिळते का बघा, कारण या टोकाला प्रत्येक किलोमीटर मोलाचा आहे.

पण त्याआधी एक विचारतो. मोठ्या गाडीच्या त्या १०,००० किलोमीटरपैकी किती किलोमीटर तिच्यात एकच माणूस असतो आणि त्याच वेळी छोटी गाडी दारात उभी असते? ४,००० किलोमीटर अशा फेऱ्यांचे निघाले आणि ते छोटीवर वळवले, तर मोठी ६,००० चालेल आणि ७५० लिटर घेईल, छोटी १४,००० चालेल आणि ७०० लिटर घेईल. १,७५० च्या जागी १,४५० लिटर. तीनशे लिटरची बचत, म्हणजे ६९० किलो कार्बन डायऑक्साइड. मोठी गाडी बदलून जे ७८५ मिळणार होते, त्याच्या जवळपास, आणि तेही एकही नवी गाडी न बनवता. एक महिना दोन्ही गाड्यांच्या फेऱ्या लिहून ठेवा: तारीख, किलोमीटर, किती माणसं. ती वही समोर आली की कोणती गाडी बदलायची, की दोन्ही तशाच ठेवायच्या, हे आकड्यांत सांगता येईल.